पाचव्या मजल्यापर्यंतचा थरारपट

चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली की तिची फरशी मजल्याच्या फरशीपेक्षा नऊ मिलिमीटर खाली राहायची. नऊ मिलिमीटर म्हणजे फार नाही. चपलेचं टोक अडतं, माणूस अर्धं पाऊल चुकतो, कोणी पाहिलं नाही ना याची खात्री करून घेतो आणि घरी जातो. निरीक्षकबाईंनी हे अंतर पहिल्यांदा मोजलं ते भाजीची पिशवी खांद्याला असताना, पर्समधल्या स्टीलच्या पट्टीनं. सात महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा ते तेवीस भरलं.

बाई सरकारी लिफ्ट निरीक्षक होत्या. नऊचे तेवीस होतात म्हणजे काय होतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. ब्रेक झिजलाय किंवा दोर ताणलेत. आणि दोर ताणले असतील तर त्यांच्यातल्या बारीक तारा एकेक करून तुटायला लागल्या असणार. आता लिफ्ट म्हणजे काही विहिरीतली बादली नव्हे. दोर चार असतात, दोर तुटलेच तर लिफ्ट जागीच अडवणारी पकड खाली असते, लिफ्ट सहसा पडत नाही. पण ‘सहसा’ हा शब्द बाईंच्या खात्यात चालत नसे. दुसऱ्या कोणत्याही इमारतीत त्यांनी त्याच दिवशी दाराला लाल चिठ्ठी लावली असती. आजवर अशा एकसष्ट लिफ्टा त्यांनी बंद केल्या होत्या, आणि दारांच्या फटींतून डोकावणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ‘दुरुस्ती होईपर्यंतच हो’ असं सांगून त्या तडक जिना उतरल्या होत्या.

ही लिफ्ट मात्र त्यांच्या स्वतःच्या इमारतीची होती, आणि पाचव्या मजल्यावर त्यांच्याबरोबर आप्पा राहत होते. आप्पा म्हणजे बाईंचे वडील. वय एक्याऐंशी, गुडघे त्याहून जुने. रोज साडेचारला ते लिफ्टनं खाली जात, फाटकाजवळच्या बाकावर एका निवृत्त शिंप्याशेजारी बसत आणि सहाला वर येत. दोघं फारसं बोलत नसत. पण त्या दीड तासासाठी आप्पा दुपारी दोनपासून इस्त्रीचा शर्ट घालून तयार असायचे. लिफ्ट बंद म्हणजे नव्वद पायऱ्या, आणि डॉक्टरांनी त्यांना दहाच्या वर मनाई केली होती. इमारतीच्या समितीची मंजुरी, कंत्राटदार, नवे दोर, फेरतपासणी असं धरलं तर चार महिने कुठे गेले नाहीत. एक्याऐंशीव्या वर्षी चार महिने म्हणजे किती, याचं कोष्टक बाईंना कोणत्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

म्हणजे लिफ्ट बंद करायची हे नक्की होतं. फक्त तसं म्हणायचं राहिलं होतं.

निरीक्षकानं राहत्या इमारतीची लिफ्ट स्वतः तपासायची नाही, असा नियम आहे. ती तपासायला एक सहकारी येई. तीन महिन्यांपूर्वी तो आला, आधी चहाला बसला आणि म्हणाला की मॅडम, तुम्हीच इथे राहता म्हटल्यावर मी काय वेगळं बघणार, ठीक आहे ना? त्यावर बाई ‘हं’ म्हणाल्या. सहकाऱ्यानं त्या ‘हं’वर भिस्त ठेवून, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत न जाताच सही केली, मग बाईंनी त्याच्या सहीवर भिस्त ठेवायचा प्रयत्न केला. दोन जबाबदार अधिकाऱ्यांनी एकमेकांवर इतका विश्वास टाकला की लिफ्टकडे बघायला कोणी उरलंच नाही. मशीनच्या खोलीत बाई स्वतःही फिरकल्या नव्हत्या. बघितलं की लिहावं लागतं.

असं सगळं चाललेलं असताना लेकीनं जेवताना जाहीर केलं की तिला थरारपट करायचा आहे.

लेक माध्यमांच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. अख्खा थरारपट करायचा नव्हता. नुसती सुरुवात, दोन मिनिटांची. पुढे काय होतं हे कोणालाही, अगदी करणाऱ्यांनाही, माहीत असायची गरज नव्हती. बाईंना हे शिक्षण जरा सैलच वाटलं. सरांची अट एवढीच, की दोन मिनिटांत बघणारा घाबरला पाहिजे आणि तो कशाला घाबरला हे त्याला चटकन सांगता येता कामा नये. गटात तिघी होत्या. एक लेक. दुसरी दिग्दर्शक, ती दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून त्यातून जगाकडे पाहायची, आणि पहिल्याच भेटीत बाईंना त्या चौकटीत धरून ‘चालेल’ म्हणाली होती. तिसरीला सगळे कॅमेरा म्हणत. ‘कॅमेरा, तू जेवून आलीस का’ असं आप्पा तिला विचारत, आणि यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटत नसे.

गोष्ट साधी होती. एक बाई लिफ्टमध्ये शिरते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते, दिवा जातो. दिवा येतो तेव्हा तिच्या मागे पुरुषाचे बूट दिसतात. इथे दोन मिनिटं संपतात.

“कुठली लिफ्ट?” बाईंनी विचारलं.

“आपलीच की,” लेक म्हणाली. “तू आहेस ना घरात. दुसरीकडे कोण परवानगी देणार?”

इथे ‘नाही’ म्हणता आलं असतं. पण ‘नाही’च्या मागोमाग ‘का’ येतो. म्हणून बाईंनी नकाराचा कायदेशीर मार्ग धरला: समितीची लेखी परवानगी आणा. समितीवर त्यांचा पूर्ण भरवसा होता. टपालपेट्यांना कोणता रंग द्यायचा हा विषय समितीपुढे दोन वर्षं होता.

समितीनं सहा दिवसांत परवानगी दिली. बाईंचा सरकारी यंत्रणेवरचा नाही, पण बिनसरकारी यंत्रणेवरचा विश्वास त्या दिवशी उडाला. झालं असं की इमारतीच्या सेक्रेटरींना आजवर कोणी तीन प्रतींत अर्जच केला नव्हता. ते इतके हरखले की त्यांनी तातडीची सभा लावली. सभेत कथा वाचली गेली आणि सूचना आल्या. खुनी इमारतीतला असता कामा नये. बाहेरचा असावा, शक्यतो पलीकडच्या गल्लीतला. मरणारी बाई भाडेकरू दाखवू नये, आधीच भाडेकरू टिकत नाहीत. लिफ्टच्या स्वच्छतेबद्दल गैरसमज होईल असं रक्त सांडू नये. लेकीनं परोपरीनं सांगितलं की यात खून नाही, नुसते बूट आहेत. त्यावर पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं की मग बूट कोणाचे ते तरी दाखवा, उगाच टांगणीला का लावता?

तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य काहीच बोलले नाहीत. ते सभेनंतर एकटे वर आले आणि त्यांनी स्वतःला देऊ केलं. तरुणपणी आपण रंगमंचावर उभे राहिलो होतो, असं ते म्हणाले. कशासाठी ते म्हणाले नाहीत. नुसत्या बुटांपेक्षा बुटांच्या वर एक चेहरा असला तर भीती वाढेल, असं त्यांचं मत होतं. दिग्दर्शकानं त्यांना बोटांच्या चौकटीत धरलं. दंतवैद्य हसले. दात फारच चांगले होते. भीती कुठेच नव्हती.

बूट आप्पांचे घ्यायचे ठरलं. आप्पांनी ते चार दिवस पॉलिश केले आणि बैठकीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभं राहायचा सराव केला. “मी नुसता उभा राहतो का बाई, मागे काही विचार करायचा?” असं त्यांनी दिग्दर्शकाला विचारलं. ती म्हणाली, विचार नको आप्पा, विचार केला की बूट हलतात.

एवढ्यावर भागलं असतं. पण सेक्रेटरींनी परवानगीत पाचवं कलम घातलं होतं: चित्रीकरणासाठी लिफ्ट सुस्थितीत असल्याचा जाणकार व्यक्तीचा दाखला जोडावा. आणि जाणकार व्यक्ती शोधायला त्यांना फार लांब जावं लागणार नव्हतं. ते कागद घेऊन स्वतः आले. “औपचारिकता हो, मॅडम. तुमची एक ओळ. तुमच्यासारखी व्यक्ती इमारतीत आहे म्हणून आम्ही रात्री निवांत झोपतो.”

बाईंनी लेखणी उघडली. नोकरीच्या सव्वीस वर्षांत त्यांनी खोटं वाक्य लिहिलं नव्हतं आणि आताही लिहिणार नव्हत्या. पाच मिनिटं विचार करून त्यांनी लिहिलं: ‘लिफ्टमध्ये एका वेळी चारपेक्षा जास्त व्यक्तींनी चढू नये.’ खाली सही, तारीख. वाक्य खरं होतं. खरेपणात त्याला तोड नव्हती. सेक्रेटरींनी ते मोठ्यानं वाचलं, ‘वा, याला म्हणतात शास्त्रीय भाषा’ म्हणाले, आणि तळमजल्यावरच्या फलकावर टाचणीनं लावलं. पुढचे दहा दिवस येता-जाता बाईंना आपली सही दिसत राहिली. तीही थोडी खाली बसल्यासारखी वाटायची.

चित्रीकरण रविवारी दुपारी दोन ते पाच. दुपारी अंधार कुठून आणायचा, तर लिफ्टच्या दाराच्या काचेला काळा कागद लावायचा. मुलींनी लावलेला कागद तिरका होता. तिरकं बाईंना बघवत नाही. त्यांनी तो काढला, काच मोजली, नवा कागद पट्टी धरून कापला आणि कोपऱ्याला कोपरा जुळवून स्वतःच्या हातानं चिकटवला. लिफ्ट मध्येच थांबवायला त्यांनी साफ बंदी केली होती; थांबल्याचा अभिनय करायचा. अभिनय म्हणजे कॅमेऱ्यानं कॅमेरा हलवायचा आणि बाकीच्यांनी दचकायचं. दंतवैद्य आयत्या वेळी काळा कोट घालून आलेच. मरणारी बाई लेक व्हायची होती, पण दंतवैद्यांना आत घेतल्यावर माणसं पाच झाली असती, आणि फलकावर बाईंची सही होती. लेक म्हणाली, मी बाहेर थांबते, दिग्दर्शक मरेल. अशा रीतीनं आप्पा, दंतवैद्य, दिग्दर्शक आणि कॅमेरा असे मोजून चौघं आत गेले.

पहिल्या खेपेला दंतवैद्य हसले. दुसऱ्या खेपेला आप्पांनी, सवयीनं, आत शिरणाऱ्या बाईला नमस्कार केला. तिसऱ्या खेपेला चौथ्या मजल्यावरचं कुटुंब बटण दाबून बसलं होतं. दार उघडलं तेव्हा त्यांच्यातल्या धाकटीनं विचारलं की खून झाला का, की आम्ही थांबू? चौथ्या खेपेला कोपऱ्याला कोपरा जुळवून चिकटवलेला काळा कागद सुटला, घसरला आणि दाराच्या फटीत बसला. दार लागलंय हे यंत्राला कळवणारा विजेचा संपर्क तुटला. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये खरोखरीची थांबली.

मुलींनी कागद लावला असता तर तो पहिल्याच खेपेला पडला असता आणि प्रकरण तिथेच संपलं असतं. बाईंना हे पुढे बराच काळ टोचत राहिलं.

मशीनच्या खोलीत बाई सात महिन्यांत पहिल्यांदाच गेल्या. बरोबर सेक्रेटरी होते, कारण ब्रेकचा दांडा कोणीतरी धरून ठेवावा लागतो. आणि लेक होती, मोबाइलवर सगळं टिपत, कारण सरांना ‘चित्रीकरणामागची मेहनत’ही हवी होती. बाईंनी मुख्य वीज तोडली. सेक्रेटरींनी डोळे मिटून दांडा धरला. बाईंनी हातानं चाक फिरवत लिफ्ट इंचाइंचानं तिसऱ्या मजल्याशी आणली. खालून टाळ्या ऐकू आल्या. सेक्रेटरी तडक खाली धावले. टाळ्यांचा काही भाग आपला आहे असं त्यांना वाटलं, आणि ते चूकही नव्हतं.

बाई थांबल्या. लेक अजून मागे आहे, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. खिशात त्यांचा कामाचा पिवळा फडका होता. तो दोरावर गुंडाळून हात खाली ओढत न्यायचा. कुठे तार तुटलेली असेल तर फडका अडतो. सव्वीस वर्षांत हजारो वेळा केलेलं काम. त्यांनी करायचं ठरवलं नव्हतं, हातच गेला. फडका अडला. सोडवून पुढे नेला, पुन्हा अडला. एका पिळात दहा तुटक्या तारा मिळाल्या तर दोर बाद. बाईंनी चौदा मोजल्या. दुसऱ्या दोराला त्यांनी हात लावला नाही.

त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग फडका घडी करून खिशात ठेवला आणि वीज पुन्हा जोडली.

खाली सगळी इमारत जमली होती. काय झालं होतं, असं दहा जणांनी विचारलं. दाराच्या फटीत कागद अडकला होता, असं बाईंनी सांगितलं. हेही वाक्य खरं होतं. सेक्रेटरी म्हणाले की पाहा, घरचं माणूस जाणकार असण्याचा हा फायदा. कोणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या. दंतवैद्य मात्र कोट हातात घेऊन जिन्यावर बसले होते. रोज पेशंटला मी सांगतो, घाबरू नका म्हणून, ते बाईंना हळूच म्हणाले. किती निरुपयोगी वाक्य आहे हो ते. साडेचार वाजले होते. आप्पा त्याच लिफ्टनं खाली बाकावर गेले.

पुढचे आठ दिवस बाईंनी आप्पांना काही ना काही कारणानं घरी ठेवायचा प्रयत्न केला. आज वारं आहे. आज तुमचा शर्ट धुवायला टाकलाय. आज शिंपीकाका दिसत नाहीत खाली. आप्पा खिडकीतून बघायचे, शिंपीकाका दिसायचे. मग बाई त्यांच्याबरोबर लिफ्टनं जायच्या, जणू दोघांनी मिळून पडलं तर वजन कमी होणार होतं. विज्ञान शिकलेल्या बाईनं असा विचार करावा याची त्यांना लाज वाटायची, आणि तरी त्या जायच्या. स्वतःच्या कार्यालयात त्यांनी लाल चिठ्ठीचा कोरा कागद दोनदा पुढ्यात ओढला आणि दोनदा दुसऱ्या इमारतीसाठी वापरला. बासष्ट. त्रेसष्ट.

लेक दार लावून कापाकापी करत होती. बुटांचा प्रसंग बाद झाला एवढंच तिनं सांगितलं. त्यात दंतवैद्य हसत होते. त्याऐवजी दुसरंच काही जमलं आहे आणि सर खूश आहेत. “आई, तुझा हात किती छान घाबरतो,” ती एकदा जाताजाता म्हणाली. बाईंना वाटलं, ती चाकाबद्दल बोलतेय.

सेक्रेटरींच्या आग्रहावरून पुढच्या रविवारी संध्याकाळी पाचला तळमजल्यावरच्या सभागृहात खेळ ठेवला. पांढरी चादर, खुर्च्यांच्या सहा रांगा. आप्पा लिफ्टनं आले आणि पॉलिश केलेले बूट घालून पहिल्या रांगेत बसले. दंतवैद्य बायकोला घेऊन आले. शिंपीकाकांनाही बोलावलं होतं. बाई शेवटच्या रांगेत, दाराजवळ.

दिवे गेले. चादरीवर एक हात आला.

हात कोणाचा ते दिसत नव्हतं. त्यात पिवळा फडका होता आणि फडक्यात एक काळा, तेलकट दोर. हात सावकाश खाली सरकत होता. आवाज काहीच नव्हता. मग आवाज आला, पण त्या खोलीतला नाही. बंद, लहान जागेतला, माणसांच्या श्वासांचा. दंतवैद्यांचा रडवेला आवाज विचारत होता, आपण पडणार का हो? आणि आप्पांचा आवाज, बाकावर बसल्यासारखा शांत, म्हणाला, “छे हो. माझी मुलगी वर आहे. ती लिफ्टचंच बघते. ती असताना काही होत नाही.”

चादरीवर फडका अडला. हात थांबला. बोटांनी तो सोडवला, खाली नेला, पुन्हा अडला. पुन्हा. मग हात थांबलाच. किती वेळ, ते बाईंना त्या दिवशी कळलं नव्हतं; आता कळलं, पंधरा सेकंद. मग त्यानं फडक्याची नीट घडी केली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि खिशात ठेवली. खट्कन बटण दाबल्याचा आवाज. यंत्र घरघरायला लागलं. खाली टाळ्या वाजल्या. चादर काळी झाली.

दिवे लागले. मग सगळे एकदम बोलायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या की बूट नाहीत ते बरंच झालं, पण हे जास्त वाईट आहे. चौथ्या मजल्यावरच्यांनी विचारलं, तो फडका कशाला अडत होता? सेक्रेटरी म्हणाले की ते तांत्रिक असतं, त्यात शिरू नये, आणि लिफ्ट स्वच्छ दिसली याबद्दल समितीतर्फे त्यांनी मुलींचे आभार मानले. दंतवैद्य अजून चादरीकडे बघत होते.

“पण खुनी दाखवलाच नाही,” ते म्हणाले.

लेक पुढे उभी होती. ती सांगत होती की तेच तर. सर म्हणाले, ज्याला माहीत आहे आणि जो बोलत नाही, त्याची भीती सगळ्यांत मोठी. तो कोण हे सांगायचं नाही. सांगताना ती आईकडे बघून हसली, कौतुकानं, आणि बाईंच्या लक्षात आलं की पोरीला काही म्हणजे काही कळलेलं नाही. तिनं नुसता चांगला हात निवडला होता.

आप्पांना कळलं होतं. ते खुर्चीत वळले नव्हते, पण त्यांनी मान थोडी खाली घातली होती आणि ते स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते. त्यांनी या हाताला अक्षरं गिरवायला शिकवली होती. तो काय करत होता हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

लोक उठायला लागले. खुर्च्या सरकल्या. पहिले सहा-सात जण बोलत बोलत लिफ्टकडे निघालेही. कोणीतरी बटण दाबलं, आणि वरून ती यायला लागल्याचा ओळखीचा आवाज आला. दंतवैद्यांनी आप्पांना उठायला हात दिला आणि म्हणाले, चला आप्पा, पहिल्या फेरीत तुम्हाला घेऊ, तुम्हीच नायक. आप्पा उठले. ते दोन पावलं चालले आणि थांबले, आणि त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, आणि पुढे नव्वद पायऱ्या.

बाई उठल्या. लिफ्टपर्यंत जायला त्यांना अकरा पावलं लागली. दार उघडलं होतं; त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात चौकटीला लावले. सगळ्यांना वाटलं, कौतुकाला उत्तर देणार आहेत. सेक्रेटरींनी लोकांना शांत राहायची खूणही केली.

“तो हात माझा आहे,” बाई म्हणाल्या. आवाज अहवाल वाचल्यासारखाच आला. “एका दोराच्या चौदा तारा तुटल्यात. मला सात महिने अंदाज होता आणि आठ दिवस खात्री होती. आप्पा, मला तुमचा बाक बंद करायचा नव्हता.” आप्पांनी मान हलवली. हो म्हणून की असू दे म्हणून, ते कळलं नाही.

“लिफ्ट आत्तापासून बंद,” बाई म्हणाल्या. “कोणीही चढायचं नाही.”